एक डॉलर पगार

विल्यम डॉड यांचं अमेरिकी सरकारकडे ५९ डॉलर ८३ सेंट येणं होतं. गुडविन वॉटसन यांचं १०१ डॉलर ७८ सेंट. नोव्हेंबर १९४३ मध्ये दोघांनी जेमतेम आठवडाभर सरकारी कचेरीत काम केलं होतं आणि त्या दिवसांचा पगार त्यांच्या हाती पडला नव्हता. तिसरे दावेदार रॉबर्ट मॉर्स लव्हेट. ते तब्बल चार महिने बिनपगारी राबले, म्हणून त्यांचा आकडा मोठा, १,९९६ डॉलर ४० सेंट. तिघांचे मिळून एकवीसशे डॉलरांच्या थोडे वर. एवढ्याशा रकमेचा खटला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, कारण हा पगार कुणा हेडक्लार्कच्या चुकीने अडकला नव्हता. अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाने, रीतसर कायदा करून तो बंद केला होता. आणि त्या कायद्यात या तिघांची नावं छापली होती.

माणसं कोण होती? लव्हेट हे शिकागो विद्यापीठातले इंग्रजी साहित्याचे प्राध्यापक, वयाने सत्तरीपार. जगातल्या बहुतेक हरणाऱ्या बाजूंची वकिली करण्याची त्यांना हौस होती. १९२०च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये ‘फ्रेंड्स ऑफ फ्रीडम फॉर इंडिया’ नावाची संस्था होती. अमेरिकेत पकडलेल्या हिंदी क्रांतिकारकांना इंग्रजांच्या हवाली करू नये म्हणून ती झगडत असे, आणि तिचे अध्यक्ष होते हे लव्हेट. १९४३ साली ते कॅरिबियन समुद्रातल्या व्हर्जिन बेटांच्या प्रशासनात शासकीय सचिव होते. वॉटसन मानसशास्त्रज्ञ, कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातले. डॉड हे हिटलरच्या बर्लिनमध्ये १९३३ ते १९३७ अमेरिकेचे राजदूत असलेल्या विल्यम डॉड यांचे चिरंजीव. वॉटसन आणि डॉड संदेशवहन आयोगाच्या एका शाखेत शत्रूराष्ट्रांच्या रेडिओवर कान ठेवण्याचं काम करत. युद्ध ऐन भरात होतं, तेव्हा हे काम काही फाइली सरकवण्याचं नव्हतं.

टेक्सासचे प्रतिनिधी मार्टिन डाइस हे देशविघातक कारवायांचा शोध घेणाऱ्या समितीचे अध्यक्ष. पक्ष डेमोक्रॅटिक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचाच. पण रूझवेल्टांच्या ‘न्यू डील’ धोरणाशी आणि त्या धोरणाबरोबर वॉशिंग्टनमध्ये आलेल्या प्राध्यापक-पंडितांशी त्यांचं हाडवैर. १ फेब्रुवारी १९४३ रोजी त्यांनी प्रतिनिधिगृहात लांबलचक भाषण करून ३९ सरकारी नोकरांची नावं वाचून दाखवली. हे लोक भ्रमिष्ट, जहाल आणि कम्युनिस्टांच्या आडून चालणाऱ्या संस्थांचे पाठीराखे आहेत, यांचे पगार थांबवा, अशी मागणी केली. गृह त्याच आठवड्यात तसं करून मोकळं होण्याच्या बेतात होतं. मग कुणाकुणाला वाटलं, निदान चौकशीचा देखावा तरी करावा. नॉर्थ कॅरोलायनाचे जॉन केर यांच्या अध्यक्षतेखाली पाच जणांची उपसमिती बसली. तिचं कामकाज बंद दाराआड चाललं. बोलावलेल्या नोकरांना आपलं म्हणणं मांडता आलं, पण त्यांच्या किंवा त्यांच्या खात्याच्या वकिलाला आत प्रवेश नव्हता. ‘विघातक’ म्हणजे काय याची व्याख्याही समितीनेच केली. आरोपी, गुन्ह्याची व्याख्या आणि निकाल, तिन्ही एकाच टेबलावर तयार झाले. यादीतून शेवटी तीन नावं दोषी ठरली.

त्यातून निघालं विनियोजन कायद्याचं कलम ३०४. त्याचा अर्थ असा: १५ नोव्हेंबर १९४३ नंतर या तिघांना सरकारी तिजोरीतून छदाम मिळणार नाही. त्याआधी राष्ट्राध्यक्षांनी त्यांची नव्याने नेमणूक केली आणि सिनेटने तिला संमती दिली, तरच पगार सुरू राहील. अपवाद दोनच ठेवले होते, ज्युरीचं काम आणि सैन्यातली भरती. देशाला घातक ठरवलेल्या माणसाने आघाडीवर जाऊन लढायला हरकत नव्हती.

सिनेटला हे कलम मुळीच पटलं नव्हतं. एकदा तर ते ठेवणारा अहवाल सिनेटने ६९ विरुद्ध शून्य मतांनी फेटाळला. पण हे कलम ज्या विधेयकात होतं ते तातडीच्या खर्चाचं होतं. युद्धाचा पैसा त्यात अडकलेला. प्रतिनिधिगृह हटून बसलं की कलम गेलं तर विधेयकही जाईल. दोन्ही सभागृहांच्या पाच वाटाघाटींनंतर सिनेटने मान तुकवली. रूझवेल्ट यांनी सही केली आणि त्याच दमात जाहीर केलं की हे कलम घटनाबाह्य आहे, केवळ युद्धखर्चासाठी मला सही करणं भाग पडलं. तिघांची नव्याने नेमणूक करायला त्यांनी नकार दिला. तशी केली असती तर काँग्रेसचा अधिकार मान्य केल्यासारखं झालं असतं.

तारीख उलटली. पगार थांबला. तिघेही दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाले.

याच काळात वॉशिंग्टनमध्ये बड्या कारखानदारांची एक फौज वर्षाला एक डॉलर पगारावर युद्धकाम करत होती. सरकारने फुकट सेवा घ्यायची नाही असा तिथला कायदा, म्हणून नावापुरता एक डॉलर. ‘डॉलर-अ-इयर मॅन’ म्हणवून घेण्यात त्यांना मोठा मान वाटे. तोच एक डॉलर पुढे शिक्षेचा आकडा होणार होता, त्याकडे आपण येऊच.

सर्वोच्च न्यायालयाने ३ जून १९४६ रोजी निकाल दिला. निकालपत्र न्यायमूर्ती ह्यूगो ब्लॅक यांचं. विशेष म्हणजे या खटल्यात सरकारचे वकील तिघांच्याच बाजूने उभे होते, त्यामुळे काँग्रेसला आपली बाजू मांडायला स्वतंत्र वकील द्यावा लागला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. खजिना कायदेमंडळाच्या हाती आहे. कुणाला पैसे द्यायचे, कुणाला नाही, हे ठरवणं हा खर्चाचा प्रश्न आहे आणि न्यायालयाने त्यात पडू नये. ब्लॅक यांनी ते मानलं नाही. अमेरिकेच्या घटनेने कायदेमंडळाला एका गोष्टीची स्पष्ट मनाई केली आहे: खटला न चालवता, नाव घेऊन, कायद्यानेच एखाद्याला शिक्षा ठोठावायची नाही. पगार कायमचा बंद करून माणसाला सरकारी नोकरीतून हद्दपार करणं ही शिक्षाच आहे, मग तिला खर्चकपातीचं नाव द्या की आणखी काही. दोन न्यायमूर्तींनी वेगळ्या वाटेने जाऊन तोच निर्णय दिला. विरोधात कुणीच नव्हतं. तिघांना त्यांचे २,१५८ डॉलर मिळाले.

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ती अडचणीची आहे. शीतयुद्ध संपल्यावर सोव्हिएत गुप्तचर खात्याच्या ज्या नोंदी बाहेर आल्या, त्यांत डॉड आणि त्यांची बहीण मार्था यांची नावं सापडली. म्हणजे डाइस यांचा संशय एका नावाबाबत अगदीच हवेतला नव्हता. पण १९४३ साली समितीसमोर होतं ते सभा-संस्थांच्या सभासदत्वाचं भेंडोळं. त्या चाळणीतून लव्हेटसारखा म्हातारा उदारमतवादी आणि खरा हेर यांच्यात फरक करता येणं शक्यच नव्हतं. फरक करायचा असेल तर साक्षी-पुरावे, उलटतपासणी, वकील हे सगळं लागतं, आणि तेवढ्यासाठीच न्यायालय नावाची जागा असते.

*

पगार कापण्याचं हत्यार मुळात वाईट नव्हे. किंबहुना लोकशाहीच्या इतिहासात त्याची कामगिरी मोठी आहे. १७२८ साली विल्यम बर्नेट हे मॅसॅच्युसेट्स वसाहतीचे गव्हर्नर होऊन बोस्टनला आले. येताना लंडनहून हुकूम घेऊन आले की गव्हर्नरला वर्षाला १,००० पौंडांचा कायम पगार बांधून द्या. तिथल्या विधानसभेने पैसे द्यायला ना म्हटलं नाही. कायम बांधून द्यायला ना म्हटलं. दरवर्षी आमच्याकडे मागा, आम्ही तुमचं काम पाहून देऊ. बर्नेट यांनी सभेची बैठक बोस्टनमधून हलवून सेलमला नेली, तरी सभासद बधले नाहीत. पुढच्या वर्षी बर्नेट वारले, पण वाद काही मिटला नाही.

या वसाहतवाल्यांना पगाराच्या दोरीची दुसरी बाजूही चांगली ठाऊक होती. १७७६च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्ध तक्रारींची जी यादी आहे, त्यात न्यायाधीशांची नोकरी आणि पगार राजाने आपल्या मर्जीवर ठेवल्याची तक्रार आहे. म्हणून राज्यघटना लिहिताना त्यांनी काळजी घेतली. न्यायाधीश पदावर असेपर्यंत त्याचा पगार कमी करता येणार नाही. राष्ट्राध्यक्षाचा तर त्याच्या कारकिर्दीत कमीही नाही आणि जास्तही नाही. मधल्या लाखो सरकारी नोकरांसाठी मात्र असं काही लिहिलं नाही. तेव्हा ते लाखो नव्हतेच.

ब्रिटनमध्ये हे हत्यार मंत्र्यावर चालवायची रीत पडली. मंत्र्याचं धोरण पसंत नसेल तर त्याच्या पगारात नाममात्र कपात सुचवायची. कपात मंजूर झाली की समजायचं, सभागृहाचा विश्वास उडाला. २१ जून १८९५ रोजी युद्धमंत्री हेन्री कॅम्पबेल-बॅनरमन यांचा पगार १०० पौंडांनी कमी करावा असा प्रस्ताव आला. तक्रार अशी की सैन्याकडे कॉर्डाइटचा, म्हणजे काडतुसांतल्या स्फोटकाचा, साठा पुरेसा नाही. प्रस्ताव १३२ विरुद्ध १२५ असा, सात मतांनी मंजूर झाला आणि पंतप्रधान रोझबेरी यांचं सरकार गेलं. मंत्र्याच्या खिशातले शंभर पौंड हे निमित्त होतं.

याची आपल्याकडची सर्वांत झणझणीत आवृत्ती नागपूरला घडली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनी प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आणली होती. शिक्षण, आरोग्य यांसारखी ‘सोपीव’ खाती हिंदी मंत्र्यांकडे, पोलीस आणि महसूल यांसारखी ‘राखीव’ खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे. १९२३च्या निवडणुकीत मध्य प्रांत हा असा एकच प्रांत निघाला जिथे स्वराज्य पक्षाला कायदेमंडळात निर्विवाद बहुमत मिळालं. नागपूरचे डॉ. बा. शि. मुंजे त्या पक्षाचे पुढारी. सरकारला आतून अडवायचं हा पक्षाचा जाहीर कार्यक्रम होता. मार्च १९२४ मध्ये त्यांनी अंदाजपत्रकाच्या मागण्या एकामागून एक फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार ठरवला वर्षाला दोन रुपये. मंत्री पायउतार झाले आणि त्यांच्या खात्यांचा कारभार गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांना आपल्या हाती घ्यावा लागला.

या प्रसंगात एक बारकावा आहे आणि तो मला दोन रुपयांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. स्वराज्य पक्षाने मंत्र्यांचाच पगार का कापला? गोऱ्या साहेबांचा का नाही? कारण तो त्यांना कापताच येत नव्हता. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा आणणाऱ्या १९१९च्या कायद्याने भारतमंत्र्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्यांचे, म्हणजे आयसीएसवाल्यांचे, पगार कायदेमंडळाच्या मतदानाच्या बाहेर ठेवले होते. हिंदी मंत्री मताला उघडा, गोरा कलेक्टर मात्र सुरक्षित. नोकरशाहीचा पगार राजकारणाच्या आवाक्याबाहेर ठेवण्याची आपल्याकडची परंपरा अशी अगदी स्वार्थी हेतूने सुरू झाली. नोकरशाहीला मिळालेल्या प्रत्येक संरक्षणामागे उदात्त विचार असतो असं समजायचं कारण नाही.

*

आता अमेरिकेत परत. तिथे मंत्री कायदेमंडळाचे सभासद नसतात, त्यामुळे अविश्वास ठराव आणि सरकार पडणं हा प्रकारच नाही. पगारकपात मंत्र्याकडून निसटली आणि खाली घसरत गेली.

तिथल्या प्रतिनिधिगृहाचा एक जुना दंडक आहे. धोरण एका विधेयकात ठरवायचं, पैसा दुसऱ्या विधेयकात. पैशाच्या विधेयकात धोरण घुसडायचं नाही, कारण पैशाचं विधेयक थांबवणं कुणालाच परवडत नाही. कलम ३०४ ने नेमका त्याचाच फायदा घेतला होता. या दंडकाला १८७६ साली एक अपवाद जोडला गेला. विल्यम होल्मन हे इंडियानाचे डेमोक्रॅटिक प्रतिनिधी. खर्चाच्या प्रत्येक प्रस्तावाला हरकत घेण्याबद्दल इतके प्रसिद्ध की लोक त्यांना ‘खजिन्याचा राखणदार’ म्हणत. त्यांच्या नियमाचा सारांश असा: दुरुस्तीने खर्च कमी होणार असेल तर ती पैशाच्या विधेयकातही आणता येईल. त्यात सरकारी पदांची संख्या कमी करणं आलं, पगार कमी करणं आलं, आणि तिजोरीतून पगार घेणाऱ्या कोणाही व्यक्तीचा मोबदला कमी करणंही आलं.

होल्मन यांच्या काळात त्याला काही अर्थ होता. १८७६ साली अमेरिकेत सरकारी नोकरी ही निवडणूक जिंकणाऱ्या पक्षाची लूट मानली जाई. पोस्टमास्तरापासून जकात कारकुनापर्यंत सगळे पक्षाचे लोक. त्यांचे पगार कापणं म्हणजे विरोधी पक्षाची रसद तोडणं. पुढे १८८१ मध्ये नोकरी न मिळालेल्या एका इच्छुकाने राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांना गोळी घातली, १८८३ मध्ये पेंडलटन कायदा आला आणि परीक्षा देऊन नोकरीत येणारा, सरकार बदललं तरी टिकणारा कर्मचारी हळूहळू तयार झाला. नोकरवर्ग बदलला, नियम मात्र अधूनमधून गायब होत, पुन्हा उगवत १९८३ पर्यंत पुस्तकात राहिला. त्या वर्षी तो काढून टाकला तेव्हा फारसं कुणाला चुकल्यासारखं वाटलं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये तो परत आला. व्हर्जिनियाचे रिपब्लिकन प्रतिनिधी मॉर्गन ग्रिफिथ यांनी त्याचं पुनरुज्जीवन केलं, आधी वर्षभराची चाचणी म्हणून. त्यांचं म्हणणं होतं, खात्यांच्या खर्चाला लोकप्रतिनिधींचा लगाम उरलेला नाही. पश्चिमेकडच्या सरकारी जमिनींवरच्या रानटी घोड्यांच्या सांभाळावर होणाऱ्या खर्चाचं उदाहरण त्यांनी दिलं. पण वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांतून जी धास्ती पसरली ती घोड्यांची नव्हती. महिन्याभरापूर्वीच, डिसेंबर २०१६ मध्ये, येऊ घातलेल्या ट्रम्प सरकारच्या लोकांनी ऊर्जा खात्याला एक लांब प्रश्नावली पाठवली होती. हवामानबदलाच्या परिषदांना तुमच्याकडचे कोणकोण गेले होते, त्यांची नावं द्या, असं तीत विचारलं होतं. खात्याने नावं द्यायला नकार दिला. एका हाताने नावं मागवली जात आहेत आणि दुसऱ्या हाताने नाव घेऊन पगार एक डॉलरवर आणण्याची सोय होते आहे, असं दृश्य कारकुनांना आणि शास्त्रज्ञांना दिसत होतं.

त्या वर्षी हे हत्यार रोखलं गेलं ते मात्र भलत्याच लोकांवर. काँग्रेसचं स्वतःचं एक अर्थसंकल्प कार्यालय आहे, १९७४च्या कायद्याने स्थापन झालेलं. काम एकच: कुठल्याही विधेयकाचा खर्च किती येईल, परिणाम काय होईल, याचा पक्षनिरपेक्ष हिशेब मांडायचा. मार्च २०१७ मध्ये या कार्यालयाने रिपब्लिकन पक्षाच्या आरोग्यविमा विधेयकाचा हिशेब मांडला आणि सांगितलं की २०२६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या २ कोटी ४० लाखांनी वाढेल. विधेयकवाल्यांचा तिळपापड झाला. कार्यालयाचे संचालक रिपब्लिकन बहुमताच्या काळातच नेमलेले, पण त्याने राग कमी झाला नाही. जुलैमध्ये ग्रिफिथ यांनी होल्मन नियमाखाली दुरुस्ती आणली: या कार्यालयाचा हिशेब मांडणारा विभागच बंद करा, ८९ पदं रद्द करा, दीड कोटी डॉलर वाचवा आणि हिशेबाचं काम खासगी अभ्याससंस्थांच्या अंदाजांवर सोपवा.

कपातीची सगळी गोम या दुरुस्तीत आहे. त्या ८९ जणांनी कुठलंही धोरण ठरवलं नव्हतं. त्यांनी बेरीज केली होती. बेरीज चुकली असेल तर ती चुकली कुठे ते दाखवा. आकडेमोड उघड असते, पद्धतही छापलेली असते. ते न करता बेरीज करणाऱ्याच्या पोटावर पाय द्यायचा, म्हणजे पुढच्या वेळी कारकून पेन्सिल उचलण्यापूर्वी सभागृहाचा चेहरा पाहील. दुरुस्ती ११६ विरुद्ध ३०९ मतांनी पडली. शंभराहून अधिक रिपब्लिकन सभासदांनी विरोधात मत दिलं. उद्या बहुमत आपलं नसेल तेव्हा हाच हिशेबनीस आपल्या कामाला येणार आहे, एवढं भान त्यांना राहिलं.

२०१९ मध्ये डेमोक्रॅटांचं बहुमत आलं आणि नियम गेला. २०२३ मध्ये रिपब्लिकनांचं आलं आणि तो परत आला. या खेपेला एक डॉलरच्या दुरुस्त्यांचा अक्षरशः रतीब सुरू झाला. सप्टेंबरमध्ये संरक्षणमंत्री लॉइड ऑस्टिन यांचा पगार एक डॉलर करावा ही रिपब्लिकन प्रतिनिधी मार्जरी टेलर ग्रीन यांची दुरुस्ती आवाजी मतदानाने मंजूर झाली. वाहतूकमंत्री पीट बुटिजेज यांच्यावरची दुरुस्ती नोव्हेंबरमध्ये पडली. रोखे बाजाराचे नियामक गॅरी गेन्स्लर यांच्यावरची मंजूर झाली. ही बडी नावं होती. त्यांच्या खालोखाल, बाहेरच्या जगाला कधी ऐकू न येणाऱ्या खात्यांतल्या अधिकाऱ्यांवरही अशा दुरुस्त्या आल्या.

ऑस्टिन यांच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही. मंत्री हा धोरणाचा धनी असतो. त्याच्या पगारावर मत घेणं म्हणजे कॅम्पबेल-बॅनरमन यांना जे सोसावं लागलं तेच. त्याला उत्तर द्यायला व्यासपीठ असतं, पाठीशी राष्ट्राध्यक्ष असतो, आणि एक डॉलर पगारावर तो उपाशी मरत नाही. खालच्या अधिकाऱ्याला यातलं काहीच नसतं. सभागृहात त्याच्याविषयी पाच मिनिटं बोललं जातं, त्याला तिथे उभं राहून बोलता येत नाही, आणि वर्तमानपत्रातून त्याच्या मुलांना बापाची किंमत एक डॉलर झाल्याचं कळतं.

यातली एकही दुरुस्ती त्या वर्षी कायदा झाली नाही. प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन पुढे सिनेट आणि राष्ट्राध्यक्ष यांच्याकडून पार पडणं अवघडच होतं. म्हणून काही लोक म्हणतात, एवढा बाऊ कशाला? हे तर नुसतं राजकीय नाटक. मला हा बचाव पटत नाही. पगार प्रत्यक्ष कापला जावा ही गरजच नसते. कापला जाऊ शकतो एवढं ठाऊक असलं की टिपणीतलं वाक्य मऊ होतं, ‘धोका आहे’च्या जागी ‘अधिक अभ्यास आवश्यक’ येतं. याचा कुठेही पुरावा राहत नाही.

दुसरा बचाव मात्र ऐकण्यासारखा आहे. नोकरशाही केवळ बेरजा करत नाही. नियम तीच लिहिते, परवाने तीच देते, दंड तीच लावते. कायद्यातल्या एका ओळीतून खात्याची नियमावली शेकडो पानांची होते आणि ती लिहिणाऱ्याला कुणीही निवडून दिलेलं नसतं. मतदाराने बदल मागितला, सरकार बदललं, तरी खालची यंत्रणा जुन्याच वाटेने चालत राहिली तर लोकप्रतिनिधीने करायचं काय? तक्रार खरी आहे; कुठल्याही तहसील कचेरीत दोन चकरा मारलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागणार नाही. पण तिला उपाय आहेत. कायदा बदला. अख्ख्या योजनेचा पैसा थांबवा. समितीपुढे अधिकाऱ्याला बोलावून उलटसुलट विचारा. मंत्र्याला घेरा. नियमावली रद्द करणारा ठराव आणा. हे सगळं कष्टाचं आहे, त्याला बहुमत जमवावं लागतं. एका माणसाचं नाव घेणं त्यामानाने स्वस्त पडतं, आणि टीव्हीवरही चांगलं दिसतं.

ज्यांचा पगार कापताच येत नाही त्यांना छळायची युक्तीही सापडलेली आहे. १९६४ साली काँग्रेसने संघराज्यातल्या न्यायाधीशांचे पगार वाढवले. खालच्या न्यायालयांतल्या न्यायाधीशांना ७,५०० डॉलरांची वाढ, सर्वोच्च न्यायालयातल्यांना ४,५००ची. शाळांतली प्रार्थना आणि मतदारसंघांची फेररचना यांवरचे निकाल तेव्हा ताजे होते. कमी करायला घटनेची बंदी आहे, वाढ कमी देण्याला नाही. आयोवा राज्यात २०१३ साली काही प्रतिनिधींनी याहून थेट मार्ग सुचवला. समलिंगी विवाहाला मान्यता देणाऱ्या २००९च्या निकालातले जे चार न्यायमूर्ती अजून पदावर होते, नेमका त्यांचाच पगार आमदारांइतका, २५,००० डॉलर करावा. तो प्रस्ताव पुढे सरकला नाही, पण सुचवणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, हेही नोंदवून ठेवायला हवं.

*

आपल्या घटनाकारांनी या बाबतीत बरंच बांधकाम केलं आहे. अनुच्छेद ११३ प्रमाणे लोकसभा अनुदानाची मागणी मान्य करू शकते, फेटाळू शकते किंवा कमी करू शकते. त्यातूनच कपात सूचना येतात. धोरणच नापसंत असेल तर मागणी एक रुपयावर आणा असं सुचवायचं, एखादी तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपयांची कपात. पण हा रुपया अख्ख्या खात्याच्या मागणीचा असतो, कुणा उपसचिवाच्या पगाराचा नसतो. न्यायाधीश, महालेखापरीक्षक, लोकसेवा आयोग यांचा खर्च ‘भारित’ आहे, ‘दत्तमत’ नाही. त्यावर चर्चा होते, मतदान होत नाही. निवडणूक आयोगाचा खर्च मात्र अजून भारित नाही, आणि तो तसा करण्याचा विचार करा असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये केंद्राला सुचवलं. साध्या कर्मचाऱ्यासाठी अनुच्छेद ३११ आहे: चौकशी केल्याशिवाय, बाजू ऐकल्याशिवाय त्याला काढता येत नाही आणि खालच्या पदावर आणता येत नाही. शिस्तभंगाच्या नियमांत पगार कमी करणं ही शिक्षा आहे, पण ती आमदार देत नाही, वरिष्ठ अधिकारी देतो, आणि कागद तयार करून देतो.

म्हणून पगाराला हात न लावता शिक्षा करण्याची कला आपल्याकडे बहरली. तिचं नाव बदली. पगार तोच, श्रेणी तीच. फक्त जिल्हाधिकारी एका रात्रीत अशा महामंडळात जातो जिथे टेबलावर फाइल येत नाही. बदल्यांचा हा बाजार आवरावा म्हणून महाराष्ट्राने २००५चा बदल्यांचा कायदा केला. पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षं ठेवायचं, मुदतीआधी हलवायचं तर कारण लेखी नोंदवून वरच्या प्राधिकाऱ्याची मान्यता घ्यायची. ‘अपवादात्मक परिस्थिती’ हे दोन शब्द त्यात ठेवले आणि तेवढी फट पुरेशी ठरली. अन्याय झालेले ‘मॅट’मध्ये, म्हणजे प्रशासकीय न्यायाधिकरणात, जातात. काही जिंकून त्याच खुर्चीवर परत येतात, तोवर हवी ती फाइल हव्या त्या सहीने निघून गेलेली असते.

दोन पद्धतींत निवड करायची वेळ आली तर मी अमेरिकी पद्धत वाईट म्हणेन आणि आपली अधिक वाईट. तिथल्या सभासदाला अधिकाऱ्याचा पगार एक डॉलरवर आणायचा तर भर सभागृहात उभं राहून त्याचं नाव घ्यावं लागतं, कारण सांगावं लागतं, आणि ते कामकाजात आपल्या नावानिशी कायमचं छापून घ्यावं लागतं. आपल्याकडे बदलीसाठी मंत्रालयात पोचलेलं शिफारसपत्र कुणाचं होतं, हे ज्याची बदली झाली त्यालाही बहुतेक वेळा कळत नाही.